पोचले, पण फुटले किती?

वाचकहो, चकलीचा तुकडा तोंडात टाकून तुम्ही हे पान उघडले असेल, तर आधी एक विनंती. पुढे एक इंग्रजी अक्षरांचा शब्द येणार आहे, त्याने बिचकून पान उलटू नका. शब्द आहे ‘एफटीपी’. आमच्या तेल्हाऱ्यात मी हा शब्द पहिल्यांदा चारचौघांत उच्चारला, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी मोठ्या आस्थेने विचारले होते, “डीएपीवानी नवं खत निंघालं का, गुरुजी? भाव काय?”

खत नव्हे. आपल्या घरच्या संगणकावरच्या फाइली दूरच्या दुसऱ्या संगणकावर नेऊन ठेवण्याचे, किंवा तिथून आणण्याचे, जे ठरलेले नियम आहेत, त्यांचे हे नाव. संकेतस्थळ काढायचे म्हणजे कुठल्या तरी कंपनीकडून सर्व्हर नावाच्या संगणकावर वर्षाच्या भाड्याने जागा घ्यायची आणि आपला माल तिथे नेऊन मांडायचा. हा माल वाहून नेणारा छकडा म्हणजे एफटीपी. एवढे समजले म्हणजे पुरे. बाकीची गोष्ट कुरडयांची आणि ओव्यांची आहे.

आधी कुरडया. माझी धाकटी बहीण परतवाड्याला दिलेली. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कुरडया वाळल्या की आई एक मोठा पत्र्याचा डबा भरी. वर-खाली जुन्या धोतराची घडी दाबून घाली आणि मला एसटी स्टँडवर पिटाळी. ओळखीच्या कंडक्टरच्या हवाली तो डबा व्हायचा आणि अकोट, अंजनगाव करीत परतवाड्याला पोचायचा. चार दिवसांनी बहिणीचे कार्ड यायचे : ‘डबा पोचला. सर्व खुशाल.’ आईला लिहितावाचता येत नसे. मी कार्ड वाचून दाखवले की ती म्हणायची, “पोचला थे समजलं. फुटल्या किती थे लिव्ह म्हना.” आणि तेवढ्या एका प्रश्नासाठी मला दुसरे कार्ड लिहावे लागे. मला तेव्हा हा निव्वळ चिवटपणा वाटे. तो शहाणपणा होता हे कळायला मला साठी गाठावी लागली.

आता ओव्या. आईचे माहेर हिवरखेडचे. तिथल्या जात्यावर, पहाटेच्या काळोखात, आपल्या आईच्या आणि आत्यांच्या मांडीशी बसून तिने ओव्या उचललेल्या. आमच्या घरात पिठाची गिरणी शिरून जाते अडगळीत गेले तरी ओव्या गेल्या नाहीत. १९९४ साली मी तिला टेपरेकॉर्डरपुढे बसवले. सुरुवातीला लाजली. मग म्हणाली, “हाताले खुंटा नसला त मले आठोत नाही.” अडगळीतले जाते बाहेर काढले, मूठभर ज्वारी घातली, आणि साठ मिनिटांच्या दोन कॅसेटी, म्हणजे चार बाजू, तिने एका बैठकीत भरून दिल्या. मागे जात्याची घरघर, वर तिचा आवाज.

२००५ मध्ये मी शाळेतून निवृत्त झालो. विषय गणित. पुण्याच्या चिरंजीवांनी आपला जुना संगणक मला आणून दिला आणि पुढच्या वर्षी संकेतस्थळासाठी भाड्याची जागाही घेऊन दिली. गावची माहिती, वारीच्या भैरवगडाची दोन छायाचित्रे, आणि मुख्य म्हणजे आईच्या ओव्या तिथे ठेवायच्या, असा बेत. अकोल्याच्या भाच्याने कॅसेटींवरून चार ध्वनिफाइली करून दिल्या. प्रत्येक बाजूची एक फाइल, प्रत्येकी अर्ध्या तासाची, आकार सुमारे एक कोटी चव्वेचाळीस लक्ष बाइट. बाइट म्हणजे संगणकाच्या पोत्यातला एक दाणा समजा. त्यावर ० ते २५५ यांपैकी एक आकडा असतो.

चिरंजीवांनी फोनवर पायऱ्या सांगितल्या आणि मी वहीत उतरवून घेतल्या. पहिली : ओपन, पुढे सर्व्हरचे नाव. दुसरी : आपले नाव. तिसरी : परवलीचा शब्द. चौथी : बायनरी. पाचवी : पुट, पुढे फाइलीचे नाव. सहावी : बाय. काळ्या पडद्यावर हे एकेक टंकायचे आणि सर्व्हर काय म्हणतो ते पाहायचे. तो बोलतो आकड्यांत. ३३१ म्हणजे परवलीचा शब्द सांगा. २३० म्हणजे या, आत या. १५० म्हणजे माल घ्यायला दार उघडतो. २२६ म्हणजे उतरवून घेणे पुरे झाले. २२१ म्हणजे रामराम.

यात मौज अशी की वाटा दोन असतात. आमच्याकडे कापसाची गाडी जिनिंगवर गेली म्हणजे फाटकावरच्या मुनीमाशी बोलणे एका ठिकाणी होते आणि गाडी रिकामी होते दुसऱ्या ठिकाणी. तसेच हे. बोलण्याचे दार २१ क्रमांकाचे आणि माल वाहण्याचे, मूळ पद्धतीत, २० क्रमांकाचे.

हे सगळे नियम पहिल्यांदा कागदावर आणले ते एका भारतीय माणसाने, हे समजले तेव्हा माझ्यातला मास्तर सुखावला. अभय भूषण हे त्यांचे नाव. कानपूरच्या आयआयटीच्या अगदी पहिल्या तुकडीतून ते १९६५ साली बाहेर पडले आणि अमेरिकेत एमआयटीत शिकायला गेले. आजच्या इंटरनेटची आजी जी आर्पानेट, तिच्यासाठी त्यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी हे नियम मांडले. पुढे १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी त्यांची जी सुधारित आवृत्ती काढली, तिच्याच पायावर एफटीपी अजून उभे आहे.

तर मी पहिल्या दिवशी गावच्या माहितीची पाने चढवली. चौथ्या पायरीवरचा ‘बायनरी’ हा शब्द मला उमगला नव्हता. तो न टंकताच पुढे गेलो, तर काही अडले नाही. पाने जशीच्या तशी दिसू लागली. ज्या मास्तरने तीस वर्षे उत्तर बरोबर असूनही पायऱ्या गाळणाऱ्या पोरांचे गुण कापले, त्याने पायरी गाळली आणि उत्तर बरोबर आले म्हणून स्वतःला पैकीच्या पैकी देऊन टाकले!

ओव्या चढवायला मात्र चार रात्री लागल्या. टेलिफोनच्या तारेवरून चालणारे ते इंटरनेट. एक बाजू चढायला दीड-दोन तास. त्यात भारनियमन. तिसरी बाजू जवळजवळ संपत आली असताना दिवे गेले आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला. अशाच एका मध्यरात्री आई काठी टेकत खोलीत आली.

“रातच्या बारा वाजता काय करून राह्यला रे बावा?”

“तुह्या ओव्या वर पाठवून राह्यलो, माय.”

“वर? मी त अजून अठीच आहो! मले त जाऊ दे अगोदर, मंग ओव्या पाठवजो.”

चौथ्या रात्री पडद्यावर शेवटचा २२६ उमटला. सकाळी चहा घेताना मी विजयी मुद्रेने सांगितले, “पोचल्या सगळ्या.”

“कोन सांगते?”

“तिकडचा सर्व्हरच सांगते ना.”

“थो सांगन पोचल्या म्हून,” आई बशीतला चहा फुंकत म्हणाली. “फुटल्या किती थे सांगते का?”

आम्ही सगळे हसलो. सौ. हसली, सून हसली, मी तर ठसका लागेपर्यंत हसलो.

पुढच्या आठवड्यात दिवाळीची झाडलोट सुरू झाली. कॅसेटींच्या खोक्याला ओल लागून फितीवर पांढरी बुरशी आली होती. सौ.ने दोनदा विचारले, “यातलं काही ठेवायचं का?” मी शिडीवरूनच म्हणालो, “काढ बाहेर. सगळं वर चढवलंय.” त्याच सुमारास संगणकात कसलासा व्हायरस शिरला. तो पुसून कोरा करताना भाच्याने फोनवर तोच प्रश्न विचारला आणि मीही तेच उत्तर दिले. त्याने आपल्याकडच्या प्रती तर केव्हाच काढून टाकल्या होत्या. मामांनी पोचल्याचे कळवले होते ना!

२००७ च्या उन्हाळ्यात आई गेली.

त्या वर्षीची दिवाळी आमच्या घरी नव्हतीच. तरी भाऊबीजेला बहीण आली. ओवाळणे झाले नाही. नुसतीच येऊन बसली. संध्याकाळी म्हणाली, “दादा, आईचा आवाज ऐकव.” मी मोठ्या तयारीने फाइल उतरवून घेतली आणि लावली.

जाते फिरू लागले. आईचा आवाज आला. आणि एक उचकी बसावी तसे मधलेच अक्षर गिळले गेले. मला वाटले, चुकून झाले असेल. सात-आठ सेकंदांनी पुन्हा. मग पुन्हा. दर ओवीत एखादे अक्षर, कुठे अर्धा शब्द. दुसरी बाजू लावली, तिसरी लावली, चौथी लावली. सगळीकडे तेच. बहीण माझ्याकडे पाहू लागली आणि मी पडद्याकडे.

रात्री पुण्याला फोन केला. चिरंजीव बराच वेळ गप्प राहिले आणि मग एकच म्हणाले, “बाबा, चौथी पायरी केली होती ना?”

ती चौथी पायरी काय होती, ते आता सांगतो. ज्यांनी टाइपरायटर वापरला आहे त्यांना चटकन कळेल. ओळ संपली की आपण दोन कामे करीत असू : गाडा मागे ढकलणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. संगणकांतही ही पद्धत उतरली. आपल्या घरचे संगणक बहुधा ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवतात. मागे येण्याची १३ आणि खाली उतरण्याची १०. सर्व्हर बहुधा नुसत्या १० वर भागवतात. मजकुराची फाइल नेताना एफटीपी मोठ्या सौजन्याने हा फरक मिटवते : जिथे १३ आणि १० शेजारी दिसतील तिथला १३ उचलून टाकते. पत्रासाठी हे ठीकच. पण ध्वनीच्या फाइलीत ओळी कुठल्या? तिथे हे दोन आकडे शेजारी येतात ते निव्वळ योगायोगाने, अन् तिथला १३ हा आवाजाचाच कण असतो. ‘बायनरी’ ही आज्ञा एवढेच सांगते की बाबा रे, हे पत्र नव्हे, दाणा न् दाणा जसाच्या तसा ने. ती दिली नाही, तर नियमच असा आहे की समोरचा तुमच्या मालाला मजकूर समजतो. सर्व्हरने लबाडी केली नव्हती, छकड्यानेही नव्हती. डब्यावर ‘आत कुरडया आहेत’ असे मी लिहिले नव्हते, इतकेच.

त्या रात्री झोप आली नाही, म्हणून मी उदाहरण सोडवले. असे दोन आकडे शेजारी पडण्याचा योग सरासरी ६५,५३६ जागांत एकदा. एका फाइलीत एक कोटी चव्वेचाळीस लक्ष बाइट. भागाकार आला जवळजवळ दोनशे वीस. अर्ध्या तासात दोनशे वीस उचक्या, म्हणजे दर आठ सेकंदांना एक. कानाने जे ऐकले तेच गणिताने सांगितले. मग वाटले, हे दोनशे वीस तेरा परत बसवता येतील का? पण फाइलीत १० हा आकडा एकूण छप्पन हजारांच्या आसपास वेळा येणार. त्यांतल्या कोणत्या दोनशे वीसांच्या शेजारी १३ बसला होता, ते कसे ओळखायचे? चिरंजीवांनी खटपट केली, मी केली. आम्हां दोघांना ते साधले नाही. आणि कोटीत दोनशे वीस कमी, ही तूट त्याच रात्री सर्व्हरवरच्या आकाराचा आकडा वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिला असता, तर एका दृष्टिक्षेपात दिसली असती. कॅसेटी तेव्हा घरातच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मान खाली घालून बसलो होतो. बहिणीने पुन्हा पहिली बाजू लावायला सांगितली. पहिली उचकी आली, तसे तिने गिळलेले अक्षर सहज म्हटले. दुसरी आली, तेही म्हटले. मी वही ओढली. चार दिवस आम्ही दोघे तसेच बसलो. आई गायची, अडखळायची, बहीण पुरे करायची आणि मी लिहायचो. तिला जे आठवले नाही त्यातले बरेच आत्याने सांगितले. तरी सत्तावीस जागा कोऱ्या राहिल्या. वहीत तिथे अजून नुसत्या टिंबांच्या ओळी आहेत.

त्यांतली एक जागा आमच्या घरात कायमची भांडणाची झाली आहे. एका ओवीत आईने लेकाचे नाव गुंफले होते आणि उचकी नेमकी त्या नावावर बसली. मी म्हणतो ते माझे नाव होते; थोरले बंधू म्हणतात त्यांचे. आत्या आहे पक्की. तिने दोघांनाही एकेकट्याला गाठून ‘तुहंच होतं’ म्हणून सांगितले आहे.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायला मिळू लागल्या. तो डोंगर पाहिला की आमच्या चार बाजू म्हणजे ओंजळभरच. पण त्या मंडळींची एक गोष्ट मला फार पटली. त्यांनी शब्द वेगळे लिहून ठेवले आणि आवाज वेगळा राखला. एक टोपली सांडली तर दुसरी उरते. आमची वही ही नकळत झालेली दुसरी टोपली.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे सगळे जुने झाले. खरे आहे. आजचे एफटीपीचे कार्यक्रम मजकूर कोणता आणि ध्वनी कोणता हे बहुधा आपले आपण ओळखतात. परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा वाटेने जाई, कोणीही वाचावा. आता बंद पाकिटाच्या रीती आहेत, ‘एसएफटीपी’ किंवा ‘एफटीपीएस’ म्हणतात, आणि जागा भाड्याने घेतलीत तर त्याच मागून घ्या. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी तर २०२१ मध्ये एफटीपीला घराबाहेर काढले. पण संकेतस्थळांच्या मागच्या अंगणात तिची ये-जा अजून आहे.

आणि तुमच्या घरात एफटीपी नसली, तरी तिची बहीण आहेच. लग्नाचे फोटो, नातवाचे पहिले पाऊल, आजोबांचा आवाज, सगळे आपण फोनवरून ‘वर’ पाठवतो. पडद्यावर बरोबरची खूण उमटते आणि आपण फोनमधली जागा मोकळी करतो. दिवाळीच्या आधी तर हमखास. माझे एवढेच सांगणे : पुसण्याआधी एकदा वरून उतरवून घ्या. आकार ताडून पाहा. फोटो मोठा करून पाहा, आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. आणि मग सुद्धा घरातली प्रत घरातच ठेवा. खूण उमटली म्हणजे पोचले, एवढाच तिचा अर्थ.

२००८ च्या दिवाळीत बहिणीने तेच जाते फिरवीत, त्या वहीतल्या ओव्या आपल्या आवाजात म्हटल्या. कोऱ्या जागा आल्या तिथे ती थांबली नाही. नुसती ‘हूं’ करून जाते फिरवत राहिली. ती फाइल मी चढवली. बायनरी हा शब्द टंकताना हात थोडा थरथरला. आकडा ताडला, एका दाण्याचा फरक नव्हता. मग ती परत उतरवून घेतली आणि कान लावून सबंध ऐकली. आज तिची एक प्रत माझ्याकडे आहे, एक पुण्याला आणि एक परतवाड्याला, बहिणीच्या स्वयंपाकघरात, कुरडयांच्या त्याच पत्र्याच्या डब्यात. शेजारी आईच्या त्या चार बाजूही आहेत, उचक्यांसकट.

त्या दिवशी संध्याकाळी परतवाड्याहून बहिणीचा फोन आला होता. मी म्हणालो, “पोचल्या बरं.”

“पोचल्या थे समजलं,” ती म्हणाली. आवाज हुबेहूब आईचा. “फुटल्या किती?”

“एकबी नाही,” मी म्हणालो, “सगळ्या आयकून पाह्यल्या.”